साप वाढतो, पेटी वाढत नाही

डिचोलीच्या बाजारात कुणी "आमच्या घरी साप आहे" म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी येतात. माळ्यावर धामण शिरली असेल आणि सर्पमित्राचा नंबर हवा असेल. नाहीतर घरामागच्या वारुळातला राखणदार दिसला असेल. तिसरा साप, म्हणजे बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवून, उंदीर घालून हौसेने पोसलेला, हा अजून आपल्याकडच्या बोलण्यात रुळलेला नाही. मुंबई-बेंगळुरूत तो केव्हाच रुळला. मोबाइलवर त्याच्या चित्रफिती पाहणारी मुले आता पेडण्यातही आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "हा चावतो का?" दुसरा, "खातो काय?" "हा केवढा होतो?" असे विचारणारे फार थोडे. ही पुस्तिका त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

सापाच्या पालनात चुका पुष्कळ होतात, पण बहुतेक सुधारता येतात. खाणे जास्त झाले तर पुढची पाळी चुकवता येते. ऊब कमी पडली तर व्यवस्था बदलता येते. जागा कमी पडली की मात्र पेटी मोडीत निघते, खोलीतले सामान हलते, घरातल्या माणसांशी वाद होतात आणि शेवटी साप कुणाच्या तरी गळ्यात मारायची वेळ येते. नाकाडावर जाळी घासून झालेली जखम, अर्धवट अडकून राहिलेली कात, पोटाखालचे कुजलेले खवले, बसून बसून चढलेली चरबी, या तक्रारींची मुळे शोधत गेलो तर पुष्कळदा पेटीपाशीच पोचतो. म्हणून खाणे, औषधपाणी, प्रजनन हे सगळे बाजूला ठेवून येथे फक्त जागेचा विचार केला आहे.

त्याआधी कायद्याचे सांगून टाकतो. आपल्या कुळागरात, सड्यावर, शेताच्या बांधावर दिसणारा साप घरी पाळता येत नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, कोणताही असो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. "पिलू होते, जगले नसते, म्हणून आणले" ही सबब चालत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेले अजगराचे पिलू ड्रममध्ये ठेवून शेजाऱ्यांना दाखवणे यालाही आपल्याकडे कुणी पाळणे म्हणत नाही, कायदा म्हणतो.

उरले परदेशी साप. त्यांच्याबाबत बरीच वर्षे सगळा आनंदीआनंद होता. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. नंतर आणणाऱ्याने तीस दिवसांत केंद्राच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद करायची आहे. पिले झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचे आहे. हौशी लोकांचा सर्वांत आवडता बॉल पायथन या यादीत येतो. अजगराच्या जातकुळीतले सगळेच येतात. अमेरिकेतला कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण तो आला कोठून याचा कागद त्याच्याही बरोबर असायला हवा. विकणारा कागदाचा विषय निघताच इकडचे तिकडचे बोलू लागला, तर समजून जावे.

कागद नसलेले साप कसे येतात हे वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलेल्या सामानात ५५ बॉल पायथन आणि १७ नागराज सापडले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच मार्गाने आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत दहा पिवळे अ‍ॅनाकोंडा होते. बॅगेत मावले याचा अर्थ ती पिले होती. पिवळा अ‍ॅनाकोंडा मोठेपणी तीन मीटरच्या पुढे जातो. विकत घेणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी त्या मापाचा हौद बांधून तयार होता, असे मला वाटत नाही.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. बॉल पायथनचे अंड्यातून निघालेले पिलू साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि ६० ग्रॅम वजनाचे असते. तळहातावर वेटोळे करून बसते. हेच पिलू मादी असेल तर तीन-चार वर्षांत १२० सेंटिमीटर, कधी दीड मीटर होते आणि वजन दीड किलोच्या घरात जाते. लांबी तिप्पट झाली, वजन पंचवीस पट. शाळेतल्या भूमितीतच हे आहे: लांबी तीन पट वाढली की तळाची जागा नऊ पट लागते आणि घनफळ सत्तावीस पट होते. पिलाला दोन फुटांची पेटी पुरली म्हणून मोठ्याला चार फुटांची "दुप्पट" झाली, असे म्हणणारा या भूमितीला फसतो. सापाच्या लांबीकडे सगळे पाहतात. त्याचे अंग भरते, वेटोळ्याचा घेर वाढतो, पाण्याचे भांडे मोठे लागते, लपायची जागा मोठी लागते, हे सहसा हिशेबात धरत नाहीत.

पेटीच्या मापाचा जुना ठोकताळा असा: पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाच्या लांबीइतकी भरली की झाले. १२० सेंटिमीटरच्या सापाला ८० गुणिले ४० ची पेटी. साप वेटोळे करून पडून राहतो, त्याला ताणून झोपायचे नसतेच, या समजुतीवर हा ठोकताळा उभा होता. वेटोळ्यातला साप आपण पाहतो, कारण पेटीत त्याला दुसरे काही करताच येत नाही! २०१९ मध्ये इंग्लंडचे क्लिफर्ड वॉरविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जातींचे पाळीव व प्राणिसंग्रहालयांतले साप तासतासभर पाहिले, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त साप तेवढ्या वेळात अंग सरळ किंवा जवळजवळ सरळ करताना दिसले. शरीर सरळ ताणणे ही त्यांची गरज आहे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून आता मान्य होत चाललेले माप वेगळे आहे: पेटीची लांबी निदान सापाच्या पूर्ण लांबीइतकी, रुंदी तिच्या निम्मी. त्याच १२० सेंटिमीटरच्या सापाला १२० गुणिले ६०. जुन्या मापात ३,२०० चौरस सेंटिमीटर जागा मिळत होती, नव्यात ७,२०० मिळते. दुपटीहून जास्त. कर्णरेषेत ताणता येईल असा बचाव काही जण करतात. पण पेटीच्या मधोमध पाण्याचे भांडे, फांदी, दगड ठेवला की कर्णरेषा उरतच नाही.

मोजायचे कसे, यातही एक गोम आहे. बरेच जण टाकलेली कात फरशीवर पसरून टेप लावतात. कात निघताना उलटी होते आणि ताणली जाते. ती सापापेक्षा हमखास लांब भरते. उलट, घाबरलेल्या सापाला दोन्ही हातांनी ओढून मोजले तर तो अंग आखडून घेतो. साप आपण होऊन पेटीच्या कडेने सरकत असताना वरून छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि नंतर त्या छायाचित्रावर दोरा फिरवावा. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा आणि झाकणाचा डबा पुरतो. हे महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवले की साप पेटीला जड होऊ लागला आहे हे डोळ्यांआधी वही सांगते.

लांबी एकच असली तरी स्वभाव एक नसतो, आणि हे समजायला परदेशी साप पाहायची गरज नाही. आपल्याकडची घोणस पाचोळ्यात दबा धरून तासन्‌तास हलत नाही. तेवढ्याच लांबीची धामण सकाळी गडग्यावरून निघते, गोठ्यात डोकावते, माडावर चढते, दुपारी शेतात उंदराच्या मागे असते. हरणटोळ जमिनीवर क्वचितच उतरतो. या तिघांना एकाच मापाच्या पेटीची कल्पना करून पाहा: घोणशीला लांबी पुरेल, धामणीला कोंडवाडा वाटेल, हरणटोळाला उंचीशिवाय त्या लांबीचा उपयोग नाही. परदेशी सापांतही हेच आहे. कॉर्न स्नेक धामणीच्या वळणाचा, भटका. बॉल पायथन दबा धरणारा म्हणून त्याला बसकी पेटी देण्याची रीत पडली, पण रात्री तोही फांदीवर चढतो. ६० सेंटिमीटर उंची त्याला वाया जात नाही.

सापाला माणसाने दिलेल्या जागेचा इतिहास आपल्याकडे जुना आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. गारुड्याची करंडी त्यातली पहिली. पुंगीपुढे फणा काढणारा नाग उरलेला सगळा दिवस वितभर उंचीच्या टोपलीत दुमडून पडलेला असे, बहुधा दात काढलेला. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग मडक्यांत ठेवत. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला बंदी घातली. मडके हे भांडे वाईटच, असे मात्र नाही. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा लोकांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. देशात सर्पदंशावरच्या लशीसाठी लागणारे विष बव्हंशी तेथून येते. तेथेही नाग-घोणशी मातीच्या मडक्यांतच असतात, तळाशी वाळू, तोंडाला कापड. पण तो मुक्काम साधारण महिन्याभराचा असतो. काही वेळा विष काढतात, खूण करतात आणि रानात सोडून देतात. गार, अंधारे, आवाजापासून दूर असे ते मडके महिन्याभरासाठी ठीक. पाळीव सापाच्या बाबतीत आपण वीस-पंचवीस वर्षांचे बोलत असतो, हा फरक विसरून चालत नाही.

एका पेटीचा उल्लेख केल्याशिवाय मराठी माणसाला हा विषय पुढे नेता येणार नाही. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ तास काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर राहिले. बहुतेक साप विषारी, आणि त्यांना एकदाही दंश झाला नाही. लोकांना आठवते ते त्यांचे धाडस. मला त्या खोलीचे माप महत्त्वाचे वाटते. माणसाला बसता-झोपता येईल एवढी ती जागा, म्हणून सापांनाही माणसापासून सरकून जाता येत होते. कोपरा मिळाला की साप चावण्याच्या भानगडीत पडत नाही. पुढे १९८६ मध्ये खैऱ्यांच्याच पुढाकाराने पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साप फरशीच्या खोलीपेक्षा मातीच्या खंदकात, झुडपांत, उन्हा-सावलीत कसा वागतो, हे शाळकरी मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी तेथे पाहिले.

आता एक विरोधाभास. मोठ्या जागेचा एवढा आग्रह धरला, तर बॉल पायथन पाळणारे लगेच सांगतात की आमचे पिलू मोठ्या पेटीत ठेवले की खाणे सोडते. ते खोटे सांगत नाहीत. मात्र कारण चुकीचे लावतात. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनच्या बाजूचा. दिवसभर तो वाळवीच्या वारुळात किंवा उंदरांच्या बिळात असतो. आपल्याला हे चटकन समजायला हवे, कारण गोव्यात वारूळ म्हणजे काय ते कुणाला सांगावे लागत नाही. पेडणे-डिचोलीच्या गावागावांत सातेरीची देवळे आहेत. सातेरी म्हणजे रोयण, मातीचे वारूळच देवी म्हणून पुजलेले. बाहेर मे महिन्याचा चिरा तापलेला असला तरी वारुळाच्या पोटात ऊब आणि ओल फारशी हलत नाही, अंगाला दोन्ही बाजूंनी माती लागते, तोंड एकच असते. नाग तेथे उगाच राहत नाही. आणि तरीही रात्री तो वारुळातून निघून शेतभर फिरतो.

म्हणजे सापाला दोन्ही हवे: अंग चेपणारी अरुंद खोबण आणि बाहेर पडल्यावर मोकळे रान. मोठ्या काचपेटीत मधोमध एक भांडे आणि वर लख्ख दिवा असेल, तर पिलू उघड्या सड्यावर सापडल्यासारखे भेदरते. त्याच पेटीत दोन टोकांना दोन लपणी, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला, मध्ये सुकी पाने, नारळाच्या काथ्याचा थर, कोकोपीट, झाडाच्या सालीचे तुकडे, दोन आडव्या फांद्या घातल्या, तर जागा मोठी राहूनही साप उघडा पडत नाही. लपणी इतकी अरुंद हवी की वेटोळ्याला ती सर्व बाजूंनी टेकेल. साप वाढेल तशी लपणी बदलत जायची; पेटी नाही. माझे मत विचाराल तर बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक आणणाऱ्याने पहिल्याच दिवशी १२० गुणिले ६० गुणिले ६० ची एकच पेटी करावी, पिलू असेतो ती पाचोळ्याने भरून टाकावी. तीनदा पेट्या बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते, आणि मधल्या पेटीतच साप वर्षानुवर्षे अडकून पडत नाही. सुरुवातीचे काही आठवडे खाणे-पिणे नीट कळावे म्हणून लहान पेटी वापरायला हरकत नाही. कपाटासारख्या खणांत, एकावर एक प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये साप ठेवण्याची परदेशी पैदासकारांची पद्धत आपल्याकडेही चित्रफितींतून पोचली आहे. तिची सोय पैदासकाराला आहे, सापाला नाही.

परदेशी पुस्तके वाचून पेटी करणाऱ्या गोव्यातल्या माणसाची फजिती हवामानात होते. त्या पुस्तकांत निम्मी पाने ऊब कशी द्यावी यावर असतात. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ अंश आणि गार बाजू २६ च्या आसपास लागते. पेडण्यात मे महिन्यात दुपारी खोलीच ३३ अंशांवर असते. तेथे गार बाजू शोधून काढावी लागते. खिडकीत ऊन येणाऱ्या जागी काचेची बंद पेटी ठेवली तर साप एका दुपारीत मरू शकतो. ऊब देणारा गादीसारखा पट्टा वापरायचाच असेल तर तापमान आपोआप तोडणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय नको. पोटाखालचा चटका सापाला वेळेवर जाणवत नाही. आणि येथेही माप आडवे येते. साठ सेंटिमीटरच्या पेटीत एका टोकाला ३२ आणि दुसऱ्याला २६ अंश राखणे जवळजवळ अशक्य. सगळी पेटी एकाच तापमानाला येते आणि सापाला निवड उरत नाही. लांबीचा दुसरा फायदा हा.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकी ओल असते की चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. पेटीत वरून पाणी शिंपडा असे पुस्तक सांगत असते. येथे तळ कोरडा कसा ठेवायचा हा प्रश्न असतो. ओल्या तळावर पडून राहिलेल्या सापाचे पोटाचे खवले कुजतात, आणि हवा खेळत नसेल तर छातीचे दुखणे जडते. दोन्ही बाजूंना, एक खाली व एक वर, अशी झरोक्यांची व्यवस्था हवी. साधे प्लाय पहिल्याच पावसात फुगते आणि सरकती काच अडकते. मरीन प्लायला सगळ्या कडांनी रंग द्यावा किंवा पीव्हीसीचे बोर्ड वापरावेत. मुंग्यांचे वेगळेच. आजीच्या दुधाच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत उभे असत, तसे पेटीच्या स्टँडचे पाय ठेवा. कात टाकायला आलेला, डोळ्यांवर निळसर पडदा चढलेला साप मुंग्यांपुढे अगदीच लाचार असतो. वीज जाणे धरून चालावे.

मोठ्या सापांबद्दल मात्र मी येथेच निकाल देतो. ब्रह्मदेशी अजगराचे पिलू दीड-दोन फुटांचे, सुंदर नक्षीचे, गरीब दिसते. पाच-सहा वर्षांत मादी पाच मीटरच्या आसपास पोचू शकते. आपल्या घरातली चांगली खोली दहा बाय बारा फुटांची असते. पाच मीटर म्हणजे सोळा फुटांहून अधिक. त्या खोलीच्या कर्णरेषेतसुद्धा, जी साडेपंधरा फुटांच्या जवळपास भरते, तो सरळ होणार नाही. म्हणजे खोली रिकामी करून दिली तरी पुरत नाही. असा साप घरात पाळू नये. पिंजरा मोठा बांधून, माणूस नेमून, बागायतीत ठेवू, म्हणणारे भेटतात. त्यांना फ्लोरिडाची आठवण करून द्यावी. १९९२ च्या अँड्र्यू वादळात तेथील एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले, त्याआधी व नंतरही कंटाळलेल्या मालकांनी साप सोडून दिले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ब्रह्मदेशी अजगर पसरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या भागातले रकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलेले आढळले. पाणी, ऊब आणि आडोसा हे तिघेही शापोरेच्या किंवा डिचोली नदीच्या काठी बारमाही आहेत. नको झालेला परदेशी साप मये तळ्याच्या बाजूला नेऊन सोडणे, हा त्यावर उपाय नव्हे.

आयुष्याचाही विचार जागेतच करावा लागतो. बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, बासष्टीच्या वयात, कित्येक वर्षांत नराची गाठ पडलेली नसताना अंडी घातली. दहावीतल्या मुलाने आणलेला साप तो नोकरीला लागल्यावर, लग्न झाल्यावर, पणजीच्या किंवा पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर कोण सांभाळणार? बहुतेक घरांत याचे उत्तर आई असे असते. तिला आधी विचारावे.

रानातल्या आपल्या सापांनाही एक पेटी क्वचित लागते, ती सर्पमित्राची. तिच्यावर एक प्रकरण मुद्दाम घातले आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात काय किंवा पेडण्याच्या सड्यावर काय, जमीन खणली गेली, गडगे पाडले, रान साफ केले की साप घरांकडे सरकतात आणि सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. पकडलेला साप पिशवीत किंवा भोके पाडलेल्या बरणीत जातो. तेथे लांबी-रुंदीचे वरचे कोणतेही माप लागू नाही. तासा-दोन तासांसाठी घट्ट, अंधारी जागाच सापाला शांत ठेवते. एका बरणीत एकच साप, बरणी उन्हात नको, गाडीच्या डिकीत नको. गोम वेगळी आहे. तासाची बरणी कधी कधी आठवड्याची होते, कारण शनिवारी शाळेत कार्यक्रम असतो, रविवारी पाहुणे असतात. त्या दिवसापासून ती बरणी गारुड्याची करंडी झालेली असते, मग हेतू कितीही चांगला असो. पकडलेला साप वनखात्याला कळवून, शक्य तितक्या लवकर, सापडला त्याच परिसरात सोडावा.

नागराज दिसला तर एवढेही करू नये. सरळ वनखात्याला फोन करावा. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार वेगवेगळ्या जाती मानल्या, आणि आपल्या पश्चिम घाटातल्याला कालिंग हे कन्नड नाव शास्त्रीय नावात मिळाले. चार मीटरपर्यंत वाढणारा, पाने गोळा करून घरटे करणारा, साप खाऊन जगणारा हा प्राणी. त्याला पेटी कोणत्या मापाची, हा प्रश्नच गैरलागू आहे.

साप जवळून पाहण्याची हौस भागवायला फोंडा तालुक्यात बोंडला आहे. आठ चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य, पण त्यात प्राणिसंग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा आणि साप कोठे आहे हे शोधण्याआधी त्याची जागा केवढी आहे ते पाहायला सांगा. लांबी पावलांनी मोजू द्या. साप सरळ कधी होतो, लपतो कोठे, वर चढतो का, हे अर्धा तास उभे राहून बघितले तर पुस्तिकेतली दोन प्रकरणे वाचल्यासारखेच आहे.

आणि कागदपत्रे नीट करून, पूर्ण विचाराने कुणाला साप आणायचाच असेल, तर त्याला एक विनंती. पैसे देण्याआधी, पेटी ठेवायची त्या जागी फरशीवर खडूने चार फूट गुणिले दोन फूट असा चौकोन काढा आणि आठ दिवस तसाच ठेवा. त्यात खुर्ची सरकवायची नाही, पिशवी टेकवायची नाही, केर काढणाऱ्याने पुसायचा नाही. आठ दिवसांत तो घरच्यांना अडचणीचा वाटू लागला, तर साप आणू नका.